देवस्थळींची शिशाची पेटी

भालचंद्र देवस्थळी यांचा वजनावर फार विश्वास. पुस्तक जड असलं की चांगलं, माणूस हळू बोलला की विद्वान, आणि दार उघडायला दोन हात लागले की आतली खोली सुरक्षित. नोएडाच्या फ्लॅटला त्यांनी असा लोखंडी दरवाजा बसवून घेतलाय की त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई तो खांद्याने ढकलतात. मी एकदा सहीसाठी फाइल घेऊन गेले होते. दरवाजा उघडेपर्यंत त्या आतून "आले हं, आले हं" म्हणत होत्या, आणि साहेब त्यांच्या मागे उभं राहून मला पत्र्याची जाडी सांगत होते.

हे गृहस्थ आमच्या संस्थेचे किरणसुरक्षा अधिकारी. संस्था सरकारी, जीवशास्त्राची, दिल्लीतली. नाव सांगत नाही. मी तिथे सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे. नंदा मेश्राम, मूळची भंडाऱ्याची, लग्न होऊन दिल्लीत आले. नवरा बबन केंद्र सरकारच्या एका खात्यात, क्वार्टर सरोजिनी नगरला. शिक्षण बारावी सायन्स आणि वर दीड वर्षाचा लॅबचा डिप्लोमा. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे ते निघणार आहे.

देवस्थळींचं घराणं ग्वाल्हेरचं. हिंदूराव हॉस्पिटलवरून संस्थेची गाडी गेली की ते ड्रायव्हरला हिंदीतून आणि मला मराठीतून सांगणार, की हे हिंदूराव आमच्याच ग्वाल्हेरचे. ड्रायव्हरने एकदा तिथल्या केसपेपरबद्दल विचारलं, "तो साहब, हमारा पर्चा जल्दी बनवा देंगे?" तेव्हापासून ते फक्त मला सांगतात.

शिकले पहाडगंजच्या मराठी शाळेत, मग कॉलेज, मग एम.एस्सी. फिजिक्स. त्यांना शास्त्रज्ञ व्हायचं होतं. सेकंड क्लास आला आणि ते राहिलं. मग मुंबईला जाऊन सुरक्षेचा एक कोर्स करून आले, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि तीस वर्षं त्या फ्रेमखाली बसले. सुरक्षा हे फार सोयीचं खातं आहे. काही घडलं नाही तर ते तुमच्या दक्षतेमुळे, आणि घडलं तर दुसऱ्या कुणाच्या निष्काळजीपणामुळे.

आमच्या खोलीला सगळे हॉट रूम म्हणतात. साहेब तिथे महिन्यातून एकदा येत, आणि येताना साडेसहा किलोचा शिशाचा एप्रन घालून येत. तो एप्रन एक्स-रेवाल्यांसाठी असतो, आमच्या कामात त्याचं काही काम नाही. पण जड होता ना! दारात उभं राहायचं, रजिस्टरवर सही करायची आणि जायचं, एवढ्यासाठी ते तो अंगावर चढवत. त्या एप्रनने त्यांना कंबरदुखी दिली. कंबरदुखीसाठी डॉक्टरने पट्टा दिला. मग पट्टा आत आणि एप्रन वर, असे ते दारात उभे राहू लागले. मी मान खाली घालून हसायची. खोटं कशाला सांगू, महिनाभर त्या दिवसाची वाट बघायची.

आता आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. आम्ही किरणोत्सारी फॉस्फरस वापरतो. डीएनएच्या तुकड्याला तो जोडला की तुकडा कुठे गेला ते शोधता येतं. या फॉस्फरसमधून इलेक्ट्रॉन सुटतात, प्रकाशाच्या जवळपास वेगाने. ते अडवायचे कसे, हे मला शांताराम पाटोळेंनी शिकवलं. ते माझ्या आधीचे टेक्निशियन. लॅब अटेंडंट म्हणून लागले होते, शाळा सातवीपर्यंत. शांतारामदादांनी पहिल्याच दिवशी मला किरणं मोजणाऱ्या मीटरसमोर बसवलं. फॉस्फरसची कुपी ठेवली, मीटर ताशासारखा वाजायला लागला. मध्ये अ‍ॅक्रिलिकची पाटी धरली, बोटभर जाड, साधं पारदर्शक प्लास्टिक. मीटर जवळजवळ गप्प. मग ती काढून शिशाचा पत्रा धरला. ताशा थांबला, पण मागे एक टिकटिक राहिली. मीटर हातभर लांब नेला तरी टिकटिक होतीच.

"जड आहे म्हणून जास्त चांगलं, असं वाटतं ना?" दादा म्हणाले. "इथेच शिकलेली माणसं फसतात."

मग त्यांनी जे समजावलं ते मी आजही नवीन मुलांना तसंच सांगते. सरोजिनी नगर मार्केटच्या गल्लीत ऑटो शिरली की ती हळूहळू थांबते. इथे ठेला, तिथे बाई, पुढे गाय. धक्के खात खात वेग जिरतो आणि कुणाला काही होत नाही. तीच ऑटो रिंग रोडवर भरधाव असताना करकचून ब्रेक मारला, तर तुमच्या मांडीवरची पिशवी उडून बाहेर पडते आणि तिसऱ्यालाच लागते. प्लास्टिकचे अणू हलके. त्यांच्यात इलेक्ट्रॉन धक्के खात जिरून जातो. शिशाचा अणू जड, त्याच्या केंद्रात विद्युतभार भरपूर. जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला तो असा खेचतो की त्याची वाट वाकते, वेग तुटतो, आणि गेलेली ऊर्जा एक्स-रे होऊन बाहेर उडते. हे प्लास्टिकातही होतं, पण शिशात त्याच्या बारा-तेरा पट. इलेक्ट्रॉन अडवायला गेलात आणि एक्स-रे तयार करून बसलात, आणि तो अडवायला पातळ पत्रा पुरत नाही.

म्हणून दादांचा नियम होता: आधी हलकं, मग जड. आत अ‍ॅक्रिलिक, इलेक्ट्रॉन तिथेच जिरवायचा. जे थोडे एक्स-रे झालेच ते झेलायला शिसं बाहेर. रिटायर होताना दादा ती पाटी मला देऊन गेले. पिवळी पडली आहे, एका कोपऱ्याला तडा आहे. मी अजून तिच्यामागेच काम करते.

दोन वर्षांपूर्वी वरून एक समिती संस्था बघायला येणार असं ठरलं, आणि हॉट रूमला नवी पेटी मंजूर झाली. तिच्यात कुपी ठेवायची, समोरच्या दोन गोल भोकांतून हात घालून काम करायचं. मंजुरीत अ‍ॅक्रिलिक आणि शिसं दोन्ही लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्याला अक्कल होती. पण आराखडा काढला देवस्थळींनी. त्यांनी शिसं आत घातलं आणि अ‍ॅक्रिलिक बाहेर. कारण विचाराल तर शिसं काळपट दिसतं, हाताला लागतं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक बाहेर घेतलं की पेटी चकाकते. शिवाय त्यावर अक्षरं कोरता येतात. ती कोरलीच होती, हिंदीत आणि इंग्रजीत: संकल्पना व रचना, भा. रा. देवस्थळी.

एप्रिलमध्ये उद्घाटन झालं. नारळ फुटला, हार घातले, फोटो निघाले. डायरेक्टरसाहेबांनी मीटर पेटीजवळ नेला आणि मीटर अगदी शांत राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवस्थळी एप्रनमध्ये घाम पुसत उभे होते आणि त्यांचा चेहरा मुलीचं लग्न पार पडलेल्या बापासारखा झाला होता. मीटर शांत राहिला कारण पेटी रिकामी होती. पाहुणे येणार म्हणून फॉस्फरस दोन दिवस आधीच दुसऱ्या खोलीत हलवला होता. सुरक्षेसाठी! रिकाम्या पेटीची तपासणी करून तिला सुरक्षित म्हणायचं, ही कल्पना आमच्याकडेच कुणाला सुचू शकते.

आठवड्याने फॉस्फरस पेटीत आला आणि मला ती जुनी टिकटिक ऐकू आली. मी तिथल्या तिथे मीटर ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेले. आत दोन शास्त्रज्ञ चहा पीत बसले होते.

"सर, पेटी उलटी झालीय," मी म्हटलं. "अ‍ॅक्रिलिक आत पाहिजे, शिसं बाहेर. आत्ता एक्स-रे येतायत."

देवस्थळींनी कप खाली ठेवला. हसले. "नंदाबाई, तुम्ही बारावी ना?"

चहा पिणारे दोघंही हसले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण बारावी कळलं.

"हो सर," मी म्हटलं आणि बाहेर आले.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, मरू दे. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार? बॅजवर आकडा येईल तेव्हा हेच महाशय तोंडघशी पडतील आणि मी चहा पीत बघेन. आम्ही सगळे छातीवर एक बॅज लावतो. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि प्रत्येकाच्या नावापुढे किती किरणं लागली तो आकडा येतो. आमच्या खोलीत वर्षानुवर्षं शून्य येत होतं. एक आकडा आला की चौकशी होणार, चौकशी झाली की पेटी उघडणार, आणि पेटीवर नाव कुणाचं आहे ते सगळ्यांना वाचता येत होतं. मी माझी पिवळी पाटी घेऊन माझ्या कोपऱ्यात कामाला बसले आणि गप्प राहिले. बबनलाही काही सांगितलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत पेटी फार कुणी वापरलीच नाही, त्यामुळे शून्यावर शून्य येत राहिलं आणि मी वाट बघत राहिले.

मग मैत्री आली.

मैत्री रामटेके. पीएचडीचं पाचवं वर्ष, शेवटचे प्रयोग फॉस्फरसवरचे, म्हणून दुसऱ्या मजल्यावरून आमच्याकडे आली. आईवडील नागपूरचे, पण पोरगी गाझियाबादला वाढलेली. मराठी बोलायची ते अर्धं हिंदी. पहिल्या दिवशी माझा डबा बघून म्हणाली, "मावशी, हे झुणका आहे ना? अरे यार, आई फक्त दिवाळीला करते." त्या दिवसापासून मी मावशी झाले. लॅबमध्ये खायला बंदी, म्हणून आम्ही दुपारी जिन्याच्या खिडकीत बसायचो. ती मला तिच्या गाईडच्या नकला करून दाखवायची आणि मी तिला मराठी शब्द शिकवायची. एकदा मी कुणाला तरी म्हटलं की दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं. तिला कुसळ माहीत नव्हतं. मुसळही नव्हतं. मी दोन्ही समजावून सांगितलं, मोठ्या ऐटीत.

आणि हीच मुलगी रोज त्या पेटीत काम करत होती. पेटी सुरक्षित म्हणून कुपीबरोबर आठवड्याचा कचराही तिच्यातच ठेवायची, आणि पेटीला टेकून स्टुलावर बसून वही लिहायची, तासन् तास. ऑक्टोबरमध्ये तिने मला विचारलं, "मावशी, पेटीजवळ मीटर थोडा बोलतो. नॉर्मल आहे ना?"

मी कुप्या पुसत होते. वर न बघता म्हटलं, "सरांना विचार."

तिने विचारलं. सरांनी सांगितलं की आत माल आहे म्हणजे थोडा बोलणारच, शिसं आहे, बिल्कुल घाबरू नकोस. ती येऊन मला तसं सांगून गेली आणि पुन्हा पेटीला टेकून बसली. मी म्हटलं, डोस छोटा आहे, तिला काही होणार नाही. ते खरंही होतं. पण मी ते स्वतःला दिवसातून दोनदा सांगायला लागले होते, यावरूनच कळायला हवं होतं.

फेब्रुवारीत आकडे आले. माझ्यापुढे शून्य. देवस्थळींपुढे अर्थातच शून्य, दारात उभं राहणाऱ्याला काय लागणार! मैत्री रामटेकेपुढे आकडा. मर्यादेच्या खूप खाली, डॉक्टरने तपासून काही नाही म्हणून सोडून दिलं, पण आमच्याकडे शून्याशिवाय काहीही आलं की कागद फिरायला लागतात. मी मनात म्हटलं, आता पेटी उघडणार.

पेटी कुणीही उघडली नाही. देवस्थळींनी एका दिवसात दोन पानी अहवाल लिहिला. पेटी तज्ज्ञ रचनेची आणि उद्घाटनाच्या वेळी मान्यवरांसमोर तपासलेली. सबब दोष वापरणारीचा. बॅज कुपीजवळ विसरला असावा, हात नीट धुतले नसावेत, एकूण निष्काळजीपणा. शिफारस: सहा महिने हॉट रूममध्ये प्रवेश बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीच्या कागदावर सही चोराचीच.

मैत्रीची फेलोशिप मार्चअखेर संपत होती. चार आठवड्यांचे प्रयोग राहिले होते. सहा महिने बंदी म्हणजे प्रयोग नाहीत, प्रयोग नाहीत म्हणजे प्रबंध नाही, आणि पाच वर्षं पाण्यात. शिवाय नावापुढे निष्काळजी असा शिक्का. असा शिक्का घेऊन पुढे तिला कोण कामाला घेणार होतं? दुपारी ती जिन्यात आली आणि डबा न उघडता रडायला लागली.

"मावशी, मी हात धुते. तुम्ही बघितलंय ना? मी किती वेळा धुते?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझा मलाच राग आला. लोक आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात. मी या पोरीचं नाक कापलं होतं. मला देवस्थळींना हसता यावं म्हणून मी तिला चार-पाच महिने त्या पेटीशेजारी बसू दिलं होतं, आणि तेही, सरकारी कचेरीत चौकशी वस्तूची होत नाही, सगळ्यात लहान माणसाची होते, हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं असूनही.

गुरुवारी चौकशी समिती बसली. अध्यक्ष, दोन सदस्य, देवस्थळी एप्रनशिवाय, आणि टेबलाच्या टोकाला मैत्री. मला बोलावलेलं नव्हतं. मी शांतारामदादांची पाटी काखेत मारून आत गेले.

"आप?" अध्यक्षांनी विचारलं.

"टेक्निशियन, सर. ये नंबर लड़की का नहीं है. पेटी का है."

"पेटी तो जाँची हुई है."

"ख़ाली करके जाँची थी, सर. नारियल फोड़ के."

एका सदस्याला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात बदललं. देवस्थळी लाल झाले. "नंदाबाई, ही काय पद्धत आहे?" ते मराठीत पुटपुटले. मी अध्यक्षांकडे वळले. म्हटलं, सर, हॉट रूम इथून वीस पावलांवर आहे, पाच मिनिटं लागतील. अध्यक्ष उठले, तेव्हा सगळ्यांना उठावं लागलं. देवस्थळींनी हॉट रूममध्ये शिरताना दारातल्या खुंटीवरचा एप्रन घेतला आणि घातला.

मी कुपी पेटीत ठेवली. मीटर बाहेरून लावला, चकाकत्या अ‍ॅक्रिलिकला, बरोबर 'संकल्पना व रचना'च्या खाली. टिकटिक टिकटिक. सगळे ऐकत होते. मग पिवळी पाटी आत घातली, कुपी आणि शिसं यांच्या मध्ये. टिकटिक विरळ झाली, मोजता येईल इतकी. पाटी काढली, पुन्हा वाढली.  बोलण्यासारखं पुष्कळ होतं, दहा महिने साठवलेलं, पण ते काम मीटरच करत होता.

देवस्थळी पुढे आले. माझ्या हातातून मीटर घेतला. पाटी स्वतः आत ठेवली, स्वतः काढली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. तीन वेळा. इतक्या वर्षांत मी त्यांना कुपीच्या इतकं जवळ पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी मीटर बंद केला आणि एप्रनचे बंद सोडायला लागले. मागची गाठ सुटेना. शेवटी मैत्रीनेच ती सोडून दिली.

मी वाट बघत होते की आता ते काय पळवाट काढतात. सुतारावर ढकलतील, नाहीतर मंजुरीच्या भाषेवर. ताकास तूर लागू न देण्यात साहेबांचा हात धरणारा आमच्या इमारतीत कोणी नाही.

"एम.एस्सी. में ये सवाल आया था," ते अध्यक्षांना म्हणाले. "भारी पदार्थ में इलेक्ट्रॉन की ऊर्जा किरणों में कैसे जाती है. दस में नौ मिले थे मुझे." त्यांनी एप्रन स्टुलावर ठेवला. "नोट कीजिए. ग़लती मेरी है. इस बच्ची की कोई ग़लती नहीं."

मला वाटलं, संपलं. पोरगी सुटली. मी पाटी काखेत घेतली.

पण देवस्थळी कुठे थांबायचं हे कधीच न कळलेले गृहस्थ. त्यांना वाटलं, चूक कबूल करायची तर पूर्ण करावी, आणि या बाईचं श्रेय तिला द्यावं. ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "और ये भी लिखिए. नंदाबाई ने मुझे पहले ही हफ़्ते में बता दिया था. पिछले अप्रैल में. मैंने नहीं सुना."

याच वाक्याची मी दहा महिने वाट बघितली होती. याच खोलीत, अध्यक्षांसमोर, अगदी या शब्दांत. ते आलं तेव्हा मी मैत्रीकडे बघत होते. तिने आधी देवस्थळींकडे बघितलं, मग माझ्या काखेतल्या पाटीकडे, मग त्या कोपऱ्याकडे जिथे मी रोज त्या पाटीमागे बसून काम करायची. तिला हिशेब घालायला फार वेळ लागला नाही. ऑक्टोबरातलं 'सरांना विचार' तिच्या डोक्यात पोचलेलं मला दिसलं.  अध्यक्षांनी तिला जायला सांगितलं, आणि ती गेली.

तिची बंदी त्याच दिवशी उठली. चार आठवड्यांचे प्रयोग तिने साडेतीनमध्ये संपवले. पेटी तोवर पुन्हा बांधून आली होती, आत अ‍ॅक्रिलिक, बाहेर शिसं, काळी, कुरूप. देवस्थळींनी स्वतः उभं राहून करून घेतली आणि या वेळी त्यात कुपी ठेवून तपासली. नाव कोरलं नाही. एप्रन स्टोअरला जमा केला. पण फार सुधारले असं समजू नका. पेटी आधीपेक्षा चार किलोने जड झाली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मैत्री माझ्याशी नीट वागायची. कुप्या मागायची, थँक यू म्हणायची. दुपारी कँटीनमध्ये जेवायला लागली, तिथे तिच्या बॅचची मुलं असतात म्हणे. मी एकदा मुद्दाम झुणका जास्त आणला आणि तिच्यासमोर डबा धरला. "अरे नको, माझं झालं," ती हसून म्हणाली. मी तो बबनसाठी परत घरी नेला. दोन-तीन वेळा तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं. काय बोलणार? डोस छोटा होता, मला माहीत होतं, तुला काही होणार नव्हतं. हे सगळं खरंच आहे. ते तिला म्हणून दाखवायची माझी छाती झाली नाही.

डिसेंबरात तिची तोंडी परीक्षा झाली. डॉक्टर मैत्री रामटेके. संध्याकाळी बर्फीचा डबा घेऊन ती सगळ्या मजल्यांवर फिरली आणि शेवटी आमच्या खोलीबाहेर आली. देवस्थळी तिथेच होते. त्यांच्या रिटायरमेंटला पाच दिवस उरले होते आणि ते पेटी बघायला आले होते, रोज येत. मैत्रीने त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांचे डोळे लगेच भरून आले. एका वाक्यावर तरले बिचारे! आयुष्यभर चुका करायच्या आणि एकदाच कबूल करायची, की लोक वाकतात. मला अजूनही राग येतो.

मग तिने डबा माझ्यापुढे धरला. "घ्या ना, मॅडम."

मी बर्फी घेतली. ती पुढच्या खोलीकडे वळली. देवस्थळी तिच्या पाठीकडे बघत राहिले. जे कुणीही शहाणा माणूस विचारणार नाही, ते विचारण्याची त्यांची सवय रिटायरमेंटला आली तरी गेली नव्हती.

"अहो नंदाबाई," ते म्हणाले, "ही तुम्हाला मावशी म्हणायची ना?"

"म्हणायची," मी म्हटलं.